शुगर असताना मालवणात स्कूबा करायचं असेल तर

मालवण, तारकर्ली, देवबाग, कुठेही स्कूबाला गेलात तरी पैसे भरताना एक छापील फॉर्म समोर येतो. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन या प्रश्नांच्या रांगेत मधुमेहाचाही प्रश्न असतो. मागे ग्रुपची घाई, खाली बोट सुटायला आलेली. बहुतेक जण सगळीकडे ‘नाही’वर खूण करतात आणि सही ठोकून मोकळे होतात. ‘हो’ म्हटलं तर पाण्यात सोडणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. ती अगदीच खोटी आहे असंही नाही.

गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असलेल्या आणि पहिल्यांदाच समुद्राखाली जाऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मधुमेह असला तरी स्कूबा करता येतं. लपवून मात्र करू नये, आणि आपलं जेवण, आपली तपासणी, आपलं थांबणं बोटवाल्याच्या घड्याळावर सोपवू नये. पुढे जे काही सांगितलं आहे ते शेवटी या दोन गोष्टींपाशीच येतं.

एकेकाळी इन्सुलिन घेणाऱ्याला जगात जवळपास कुठेही डायव्हिंगला घेत नसत. हळूहळू अनुभव जमत गेला. जून २००५ मध्ये डायव्हर्स अलर्ट नेटवर्क आणि अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी या दोन संस्थांनी तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि हौशी डायव्हरसाठी नियम ठरवले. पुढचे महत्त्वाचे आकडे त्याच नियमांतले आहेत. ते नियम मुख्यतः प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरसाठी लिहिलेले असले, तरी मालवणात अर्धा तास हौस भागवणाऱ्या पाहुण्याची शुगर काही वेगळ्या नियमाने उतरत नाही.

भीती कशाची

शुगर वाढण्याचीही काळजी असतेच, पण पाण्यात खरी भीती ती एकदम उतरण्याची. जमिनीवर शुगर उतरली तर माणूस बसतो, घाम पुसतो, दोन चमचे साखर तोंडात टाकतो आणि कोणीतरी विचारतं, “काय होतंय?” आठ मीटर खाली यातलं काही शक्य नसतं. तोंडात श्वास घ्यायची नळी, म्हणजे रेग्युलेटर असतो, बोलता येत नाही, घाम पाण्यात दिसत नाही. शिवाय शुगर उतरली की पहिल्यांदा डोकंच गोंधळतं, आणि ‘मला वर जायला हवं’ हे ठरवायचं असतं त्याच डोक्याने.

फिन्स (पायाला लावायचे पंखे) मारताना मांड्यांचे मोठे स्नायू साखर भराभर ओढून घेतात. पहिल्या डायव्हला पोटात गोळा येतो, धडधड वाढते, त्याने शुगर आधी थोडी चढते आणि नंतर घसरू शकते. गरगरणं, मळमळणं, हात थरथरणं ही लक्षणं बोट लागल्याचीही असतात आणि निव्वळ घाबरल्याचीही. त्यामुळे शेजारच्याला तुमचा आजार माहीत नसेल तर तो ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून पाठ थोपटत बसेल.

पायरी १: आपण यात बसतो का, हे घरीच बघा

तिकीट काढण्याच्या, खरं तर सुट्टी टाकण्याच्याही आधी हे तपासा. वय १८ पूर्ण असावं. गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील किंवा बदलल्या असतील तर ३ महिने जाऊ द्यावेत, इन्सुलिन नव्याने सुरू झालं असेल तर १ वर्ष. गेल्या वर्षभरात शुगर इतकी उतरली किंवा चढली की दुसऱ्या कोणाला धावाधाव करावी लागली, असं एकदाही झालेलं नसावं. महिन्याभरात केलेल्या तपासणीत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) ९ टक्क्यांच्या वर नसावं. चाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी हवी, कारण मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो.

शुगर उतरलेली कळतच नाही, म्हणजे ग्लुकोमीटर ५५ दाखवतो आणि माणूस गप्पा मारत असतो, अशांनी स्कूबाचा विचार सोडून द्यावा. हे वाईट वाटेल, पण इथे तडजोडीला जागाच नाही. जुना मधुमेह आणि वारंवार उतरणारी शुगर असलेल्यांत हे बरंच दिसतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तीही धडधड आणि थरथर झाकून टाकते, तेव्हा डॉक्टरांना ते आठवणीने सांगा.

मूत्रपिंड, नसा आणि डोळे यांच्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला नसावा. डोळ्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. खाली जाताना कानातला दाब सारखा करण्यासाठी नाक दाबून फुंकर मारावी लागते. तो जोर नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या पडद्याला मानवेलच असं नाही. वर्षभरात डोळ्यांचा पडदा तपासला नसेल तर आधी ते करा. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आत गॅसचा फुगा सोडलेला असेल, तर तो विरल्याचं डोळ्याच्या डॉक्टरने सांगेपर्यंत पाण्याखाली अजिबात जायचं नाही.

पायरी २: डॉक्टरकडे जाताना फॉर्म घेऊन जा

‘डॉक्टर, मालवणला चाललोय, स्कूबा केलं तर चालेल ना?’ असं दारातून विचारलं तर दारातूनच उत्तर मिळतं. ज्या केंद्रात जाणार आहात त्यांच्याकडून मेडिकल फॉर्म आधीच मागवून घ्या. व्हॉट्सअॅपवर सहज पाठवतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या फॉर्ममध्ये मधुमेहाला ‘हो’ आलं की पुढचं पान डॉक्टरने भरून सही करायची असते. ते पान आणि २००५ च्या नियमांची छापील प्रत टेबलावर ठेवली की बोलणं नेमकं होतं. सगळ्याच फिजिशियनना डायव्हिंगची माहिती असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण तुमच्या गोळ्यांची त्यांना पक्की माहिती असते.

गोळ्यांवरून बराच फरक पडतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र पोटात काही नसलं तरी आपलं काम करतच राहतात. डायव्हच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी डोस किती ठेवायचा, हा प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी गाळू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि सोबत पाणीही. शिवाय उपास-उलट्यांत त्या शुगर फारशी न चढताही रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढवू शकतात. त्यामुळे त्यांचा विषय वेगळा काढा. आठवड्याला एकदा घ्यायचं नवं इंजेक्शन नुकतंच सुरू झालं असेल आणि अजून मळमळत असेल, तर पोट स्थिर होईपर्यंत समुद्र थांबू शकतो.

एक बारीकशी पण कामाची गोष्ट. आपल्याकडे गोळ्यांच्या जोडीला व्होग्लिबोज किंवा अकार्बोज बऱ्याच जणांना दिलेलं असतं. ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात. शुगर उतरल्यावर अशा माणसाला साखर, सरबत किंवा गोळी-चॉकलेट दिलं तर ती लवकर चढत नाही. त्याला थेट ग्लुकोजच लागतं. पाकिटामागचा मजकूर वाचून औषधाच्या दुकानातून साधी ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोज जेल घ्या.

पायरी ३: बोट ठरवताना काय विचाराल

स्वस्तात स्वस्त कोण, एवढाच प्रश्न किनाऱ्यावर ऐकू येतो. तुम्ही फोन करून दुसरे प्रश्न विचारा. ‘मला मधुमेह आहे, डॉक्टरांची सही आहे, घ्याल का?’ हा पहिला. त्यावर ‘काय नाय होत ओ, बिनधास्त या’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा. जो विचारतो, “गोळ्या की इन्सुलिन? बरोबर कोण आहे? सकाळी काय खाऊन येणार?” त्याच्याकडे जा. नाही म्हणणाराही या ‘बिनधास्त’वाल्यापेक्षा बरा.

मग विचारा: बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? माझ्याबरोबर पूर्णवेळ एकच इन्स्ट्रक्टर राहील का, की एकाच वेळी दोघा-तिघांना धरणार? माझी शुगर ऐनवेळी बसली नाही तर पुढच्या खेपेला घ्याल की पैसे बुडाले? हा शेवटचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण त्यावर सुरक्षितता अवलंबून असते. पैसे बुडणार असतील तर शुगर किमान १५० हवी असताना माणूस १३० वरही उडी मारतो.

पर्यटकांचं स्कूबा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, साधारण पाच ते दहा मीटरच्या आत होतं. पोहता येणं सक्तीचं नसतं, इन्स्ट्रक्टर धरूनच नेतो. ज्यांना खरोखर शिकायचं आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र घाईच्या फेरीऐवजी रीतसर कोर्स करावा असं माझं मत आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सरावासाठी खोल जलतरण तलाव आहे. तलावात आधी आणि नंतर शुगर मोजली की तुमचं शरीर या मेहनतीला किती साखर खर्च करतं ते भिंत हाताशी असताना कळतं. कोर्स झाल्यावरही मर्यादा लक्षात ठेवायच्या: ३० मीटरपेक्षा खोल नाही, ६० मिनिटांपेक्षा लांब नाही, वर येताना वाटेत सक्तीचे थांबे घ्यावे लागतील असा डायव्ह नाही, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचं नाही. निवतीचे खडक खुणावतील, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या समुद्राखालच्या प्रवाळ पठाराच्या गोष्टी ऐकू येतील. पहिल्या वर्षी त्या ऐकण्यापुरत्याच ठेवा.

जोडीदार मधुमेही नसावा, हेही नियमात आहे. नवरा-बायको दोघांनाही शुगर असेल तर एकमेकांच्या भरवशावर उतरू नका, प्रत्येकाला वेगळा जोडीदार मागा.

हंगाम ऑक्टोबर ते मे असला तरी डिसेंबर-जानेवारीतला आडवार (शनिवार-रविवार सोडून) मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पाणी स्वच्छ, ऊन सोसण्याजोगं आणि मुख्य म्हणजे गर्दी कमी. मे महिन्यात रांग लांबते, आणि शुगरवाल्याला समुद्रापेक्षा ही रांग जास्त छळते.

पायरी ४: डबा भरा

घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा एक डबा घ्या. त्यात ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुई, कोरडा नॅपकिन, ग्लुकोज पावडर, बिस्किटं, पिण्याचं पाणी आणि जाड अक्षरात लिहिलेला कागद: नाव, कोणता मधुमेह, कोणती औषधं, घरच्यांचा फोन, डॉक्टरांचा फोन. इन्सुलिन घेणाऱ्यांनी शुगर चढवणाऱ्या ग्लुकागॉनच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. बेशुद्ध माणसाला तोंडातून काही देता येत नाही, तेव्हा त्याचा उपयोग होतो. ते तालुक्याच्या गावी मिळेल असं गृहीत धरू नका, पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूरहून निघतानाच घ्या आणि बोटीवर ते कोण देणार हे ठरवा.

ग्लुकोज जेलची एक ट्यूब तुमच्या अंगावर, बीसीडीच्या (हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटच्या) खिशात हवी. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी तिचं झाकण उघडतं का, हे हॉटेलच्या बादलीत हात बुडवून बघा. बहुतेक पाकिटं उघडत नाहीत. आधीच छोटी चीर देऊन चिकटपट्टी लावलेली बरी.

इन्सुलिन उन्हात गाडीत ठेवू नका. कोणी प्रेमाने “द्या, बर्फात टाकतो” म्हणून मासळीच्या पेटीत टाकलं, तर तेही वाया गेलं समजा. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरायचं नसतं. ओल्या कपड्यात गुंडाळून सावलीत किंवा मातीच्या भांड्यात ठेवणं पुरतं.

दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी त्याची पाण्याची मर्यादा पाहावी. आपल्याकडे सर्रास दिसणारा फ्रीस्टाईल लिब्रे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं एवढ्यापुरताच आहे. खाली त्याने काम केलं तरी भरवसा त्यावर ठेवायचा नाही, आणि समुद्राच्या पाण्यातून त्याचे संदेश बाहेर येत नाहीत. बोटीवर त्याचा बाण मात्र उपयोगी, शुगर चढते आहे की उतरते आहे ते सांगतो. आकडा बोटातल्या रक्ताचाच धरा, कारण सेन्सर काही मिनिटं मागे असतो. इन्सुलिन पंप पाण्यात न्यायचा नाही. काढल्यावर तो सावलीत ठेवायचा आणि किती वेळ काढलेला चालेल ते डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यायचं.

पायरी ५: आदली रात्र आणि सकाळ

मालवणात आदल्या रात्री काय होतं ते सांगायला नको. सुरमईचं ताट, मित्रमंडळी आणि पेला. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, त्यामुळे रात्री घेतलेल्या पेल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर उतरू शकते. मासे भरपूर खा, पेला डायव्ह झाल्यावरच्या दिवसासाठी ठेवा.

सकाळी उपाशीपोटी जायचं नाही. ‘उलटी होईल म्हणून काही खाल्लं नाही’ हे वाक्य इतरांचं ठीक, तुमचं नाही. घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ ही न्याहारी यासाठी उत्तम आहे, हळूहळू साखर देते आणि पोटात टिकते. नाचणीची भाकरी, अंडं हेही चालतं. बोट सुटण्याच्या दोनेक तास आधी खाणं झालेलं असावं. इन्सुलिन मांडीत घेत असाल तर त्या दिवशी जागा बदलायची का ते विचारून ठेवा. फिन्स मारताना त्याच पायातून ते लवकर शोषलं जातं, आणि उन्हाने तापलेल्या अंगात तर आणखी लवकर.

पाणी पीत राहा. पाण्यात उतरल्यावर हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि लघवीला लागतं, हे सगळ्यांनाच होतं. त्यात शुगर चढलेली असेल तर शरीर आणखी कोरडं पडतं. सोलकढी प्यायला हरकत नाही. कोकम सरबत मात्र साखरेचं असतं, ते मोजून घ्या.

पायरी ६: तीन आकडे

सगळ्या लेखातून एकच पायरी पाळायची झाली तर ही पाळा. पाण्यात उतरायच्या ६० मिनिटं आधी, ३० मिनिटं आधी आणि अगदी उतरताना, अशी तीनदा शुगर मोजायची. शेवटचा आकडा १५० किंवा त्याहून जास्त हवा, आणि तिन्ही आकडे मिळून शुगर स्थिर किंवा चढती दिसायला हवी. ३०० च्या वर असेल तर डायव्ह पुढे ढकलायचा. टाइप १ असेल तर अशा वेळी कीटोनही तपासावेत.

आकडा आणि त्याची दिशा, दोन्ही बघायच्या. १९५, १७२, १५४ असे आकडे आले तर शेवटचा १५० च्या वर असूनही उतरायचं नाही. शुगर घसरणीला लागलेली आहे आणि पाण्यात ती आणखी वेगाने जाईल. १४८, १६०, १७१ आले तर उतरायला हरकत नाही. दीडशेच्या खाली असाल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा बिस्किटं खा, थांबा आणि मोजणी पुन्हा सुरू करा. घरी डॉक्टर ११०-१२० ला शाबासकी देतात, त्यामुळे दीडशेच्या वर मुद्दाम ठेवणं पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. ही त्या दीड-दोन तासांपुरती शिल्लक असते.

आता बोटीवर हे कसं करायचं. बोट हलत असते, वारा असतो, हात खारट आणि बहुधा सनस्क्रीनने चिकट झालेले असतात. बोटावर सरबताचा किंवा बिस्किटाचा अंश राहिला तर मीटर शंभराच्या जागी दोनशेही दाखवेल. त्यामुळे पिण्याच्या पाण्याने बोट धुवा आणि नॅपकिनने पूर्ण कोरडं करा, ओल्या बोटावर थेंब पसरतो. वाऱ्याकडे पाठ करून, डबा मांडीवर ठेवून बसा. सुई टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा पट्टीला लावा. पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण लगेच बंद करा, दमट हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. मीटर उन्हात तापला असेल तर तो आकड्याऐवजी ‘एरर’ची खूण दाखवतो. त्याला सावलीत जरा थांबवा. हा सगळा सराव हॉटेलच्या खोलीत नको, किनाऱ्यावर वाऱ्यात करून बघा.

बोटीचा खोळंबा होतोच. देवबागला ओहोटी असली की थांबावं लागतं, किल्ल्यापाशी आधीची तुकडी वर यायची असते, आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा सांगतो, “वायच थांबा हां, पाणी गढूळ आसा.” हे ‘वायच’ पाच मिनिटांचं असतं किंवा पाऊण तासाचं. तुमचा तिसरा आकडा घेऊन वीस मिनिटं होऊन गेली असतील तर तो शिळा झाला. वेटसूट घातलेला असला तरी एक हात मोकळा करून पुन्हा मोजा. लोक बघतील, बघू द्या.

बोट लागून उलटी झाली तर त्या दिवशी उतरायचं नाही. गोळी किंवा इन्सुलिन पोटात-अंगात आहे आणि न्याहारी समुद्रात गेली आहे, याहून वाईट जोड नाही. उलटी थांबवायच्या काही गोळ्यांनी गुंगीही येते, आणि ती गुंगी की शुगरची झापड हे कोणालाच कळत नाही.

पायरी ७: पाण्यात

उतरण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर खूण ठरवा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरून इंग्रजी ‘एल’ करायचा, म्हणजे ‘शुगर उतरतेय’. मधुमेही डायव्हर ही खूण सर्रास वापरतात. पण तुमच्या इन्स्ट्रक्टरला ती माहीत असेलच असं नाही, म्हणून बोटीवर त्याच्याकडून ती करवून घ्या. मालवणातली मुलं पाण्यात मासोळीसारखी तरबेज असतात, पण दिवसाला कितीतरी जणांना खाली नेतात. तुमची खूण त्यांच्या ध्यानात राहावी म्हणून जेलची ट्यूब कोणत्या खिशात आहे तेही त्यांना हाताने चाचपायला लावा.

खाली शंका आली की शंकेवरच वर या. आणखी दोन मिनिटं, तो निळा मासा जवळ आला की मग, असं करायचं नाही. खूण करा, इन्स्ट्रक्टरला धरून सावकाश, श्वास न रोखता वर या. वर आल्यावर आधी बीसीडी फुगवून तरंगत राहा, मग ग्लुकोज खा, मग बोटीवर चढा. बोटीवर १५ मिनिटांनी मोजा, कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. त्या दिवसाचा स्कूबा तिथे संपला, शुगर वर आली तरीही.

बोटीवरच्या माणसांसाठी: वर आलेला माणूस विसंगत बोलत असेल, झोपाळल्यासारखा असेल, अंगाचा एखादा भाग हलत नसेल, तर शुगर उतरलेली असू शकते किंवा दाबाच्या बदलाची इजा असू शकते. वरवर पाहून फरक कळत नाही. शुगर मोजा, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर ग्लुकोज द्या, आणि ऑक्सिजनही लावा. एकाची वाट बघत दुसरं थांबवू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन असेल तर द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. किनाऱ्याला लागेपर्यंत गाडी तिथे आलेली असली पाहिजे.

पायरी ८: वर आल्यावर, आणि रात्री

बोटीवर चढलात की लगेच एकदा मोजा. नंतर जेवा. मेहनतीनंतर स्नायू आपली रिकामी झालेली साखर पुन्हा भरत राहतात, म्हणून पुढचे १२ ते १५ तास शुगर उतरू शकते. सकाळी अकराला डायव्ह केला तर धोका मध्यरात्रीपर्यंत आणि त्यापुढेही आहे. झोपण्याआधी मोजा, इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्री एकदा गजर लावून मोजावं, आणि उशाशी ग्लुकोज असावं. खाजा किंवा खटखटे लाडू त्यासाठी ठेवू नका, ते चघळायला वेळ लागतो.

पाय बघा. बोटीवर चढताना-उतरताना, खडकावरची कालवं लागून, जांभ्याच्या तापलेल्या पायरीवर तळवे भाजून मधुमेह्याला जखम होते आणि पाय बधिर असतील तर कळतही नाही. किनाऱ्याच्या कोमट खाऱ्या पाण्यात असे जिवाणू असतात की मधुमेह असलेल्याच्या जखमेत ते झपाट्याने पसरू शकतात. पायात बूट घालूनच पाण्यात जा, परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्याही बघा. आधीचीच जखम असेल तर डायव्ह रद्द. जखमेभोवती लाली वाढत असेल, ताप येत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. ग्रामीण रुग्णालय मालवणात आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला.

वहीत लिहा: किती खोल, किती वेळ, काय खाल्लं, डोस किती, डायव्हआधीचे तीन आकडे, नंतरचे आकडे. पुढच्या खेपेला डॉक्टर याच पानावरून डोस ठरवतील.

राहिला परतीचा प्रवास. एकच डायव्ह असेल तर विमानाआधी १२ तास, लागोपाठचे किंवा अनेक दिवसांचे डायव्ह असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. विमानतळ चिपीचा असो की गोव्यातल्या मोपाचा, हिशोब तोच. घाटाचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. हे तासांचं अंतर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच जाणाऱ्यांसाठीही सांगितलेलं आहे, आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. कोर्स करून दिवसभरात दोन-तीन डायव्ह केलेल्यांनी त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगावची गाडी धरू नये, रात्र खालीच काढावी. गाडी स्वतः चालवणार असाल तर स्टेअरिंगवर बसण्याआधी एकदा मोजा आणि घाटात थांबलात की पुन्हा मोजा.